पाणी येतं, पण जोर नाही

तारकर्ली-देवबागपासून वर आचऱ्यापर्यंत आणि खाली भोगवे-वेंगुर्ल्यापर्यंत, किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांना गेल्या काही वर्षांत पाहुण्यांसाठी खोल्या जोडल्या गेल्या. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, न्याहारी-निवास योजनेत घरं नोंदली गेली, मागच्या पडवीच्या जागी दोन खोल्या आल्या आणि त्यांना लागून संडास-न्हाणी उभी राहिली. पाण्याची व्यवस्था मात्र बऱ्याच ठिकाणी घरच्या चार-पाच माणसांसाठी केलेलीच राहिली. मे महिन्यात सगळ्या खोल्या भरतात, समुद्रावरून आलेले पाहुणे एकाच वेळी अंगाची वाळू धुवायला न्हाणीत शिरतात आणि शॉवरचं पाणी डोक्यावर पडण्याऐवजी भिंतीवरून ओघळायला लागतं. यजमान सांगतो, "पाणी येता, पण जोर नाय." दुसऱ्या दिवशी कुणीतरी सुचवतं की प्रेशर पंप बसवून टाका.

पंप लगेच बसवू नका. आधी दाब कुठे हरवतो ते शोधा. बहुतेक घरांत तो टाकीच्या कमी उंचीत आणि बारीक पाइपात हरवलेला असतो आणि पंपापेक्षा कमी खर्चात परत मिळतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर पंपाचा एक दुसरा खर्चही आहे, तो वीजबिलात दिसत नाही. तो विहिरीत दिसतो, आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

दाब म्हणजे उंची

वरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दाब मिळतो तो फक्त उंचीचा. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरच्या तोंडापेक्षा दहा मीटर वर असेल तर साधारण एक बार दाब मिळतो, एक मीटर असेल तर त्याचा दहावा भाग. टाकी ५०० लिटरची की २००० लिटरची, याचा दाबाशी संबंध नाही. मोठी टाकी घेतली की जोर वाढेल या समजुतीने पैसे घालवलेली घरं प्रत्येक वाडीत सापडतील.

कौलारू घराला टाकी ठेवायला सपाट छप्पर नसतं, ही आपली खास अडचण. म्हणून ती ठेवली जाते मागच्या न्हाणीच्या छोट्या स्लॅबवर. तो स्लॅब जमिनीपासून जेमतेम अडीच मीटरवर आणि आतला शॉवर दोन मीटरवर. म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली असताना शॉवरला साधारण पावणेदोन मीटर उंचीचा दाब मिळतो आणि टाकी संपत आली की अर्ध्या मीटरचा. सकाळी बरं येणारं पाणी संध्याकाळी का मरतं, याचं उत्तर पुष्कळदा इतकं साधं असतं. वर मजला चढवून तिथे खोली काढली आणि टाकी जुन्याच जागी राहिली, तर काही बोलायलाच नको.

आता दुकानातून आणलेल्या शॉवरच्या खोक्यावर बघा. किमान किती दाब लागतो ते पुष्कळदा लिहिलेलं असतं. ०.५ बार लिहिलं असेल तर त्याला पाच मीटर उंची हवी, एक बार असेल तर दहा मीटर. पावसासारखा पडणारा रुंद शॉवर, चार तऱ्हेने फिरणारा हातातला शॉवर ही शहरातल्या उंच इमारतींची सामग्री आहे. आपल्या न्हाणीत ती बसवून मग पाण्याला दोष देण्यात अर्थ नाही. कमी दाबासाठी मोठ्या भोकांचा, साध्या चाळणीचा शॉवर घ्या. नुसता शॉवर बदलून तक्रार मिटल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

आधी मोजा

दहा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या. शॉवर पूर्ण सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. एका मिनिटात भरली तर मिनिटाला दहा लिटर पाणी येतंय, आणि साध्या शॉवरला एवढं पुरेसं आहे. दोन मिनिटं लागत असतील तर धार तुटणारच. हीच मोजणी टाकी भरलेली असताना, टाकी निम्मी असताना आणि शेजारच्या खोलीतला नळ चालू असताना अशी वेगवेगळी करा आणि लिहून ठेवा. प्लंबर आला की "पाणी कमी येतं" असं सांगण्यापेक्षा हा कागद त्याच्या हातात द्या.

दुसरं साधन गवंड्याकडे असतंच: पातळी बघायची पारदर्शक नळी. तिचं एक टोक नळाला घट्ट बसवा, दुसरं उघडं टोक शिडीवर चढून उंच धरा आणि नळ सोडा. बाकी सगळे नळ बंद असताना नळीतलं पाणी टाकीतल्या पातळीइतकं चढलं पाहिजे. तितकं चढलं तर तुमच्याकडे असलेली उंची तेवढीच, हे समजलं. आता त्याच पाइपावरचा दुसरा नळ कुणाला तरी सोडायला सांगा. नळीतली पातळी सरसर खाली आली, तर जितकी ती उतरली तितका दाब टाकी ते नळ या वाटेत खर्च होतो आहे. दोष उंचीचा की पाइपाचा, याचा निकाल पाच मिनिटांत लागतो.

सोबत तीन प्रश्न विचारा. जोर पहिल्यापासून कमी आहे की अलीकडे कमी झाला? पहिल्यापासून असेल तर उंची आणि पाइप, अलीकडे झाला असेल तर कुठेतरी काहीतरी तुंबलंय. एकाच नळाला कमी आहे की सगळ्यांना? एकालाच असेल तर दोष त्या नळातच शोधा. आणि फक्त गरम पाण्याला कमी आहे का? असेल तर गिझरकडे जाणारी जोडनळी, तिथला अँगल कॉक आणि चेक व्हॉल्व्ह उघडून बघा.

एका नळाचा दोष बहुतेक वेळा त्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीत असतो. देवबागसारख्या वाळूच्या पट्ट्यात बारीक रेती येते. जांभ्यातून पाझरणाऱ्या काही विहिरींच्या पाण्यात लोह असतं. हवा लागली की त्याचा तांबूस गाळ होतो आणि तो चिकट साका पाइपाच्या आत धरतो. जाळी काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. शॉवरच्या तोंडाला रबरी बोंडं असतील तर ती अंगठ्याने चोळली तरी मोकळी होतात. पाण्यात लोह असेल तर विहिरीचं पाणी टाकीत पडताना भोकं पाडलेल्या पाइपातून वरून सांडू द्या, गाळ तळाला बसू द्या आणि बाहेर जाणारा पाइप तळापासून चार बोटं वर घ्या. तळाला धुण्यासाठी वेगळी तोटी असावी. ही तोटी टाकी बसवतानाच घालायची असते, नंतर कुणी घालत नाही.

एक गोष्ट हमखास राहून जाते. टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह खाऱ्या हवेत कुजतो, आतलं पान दांडीपासून सुटतं आणि चक्र कितीही फिरवलं तरी पान अर्ध्यावरच अडकून राहतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं. शंका आली तर तो काढून त्या जागी पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह बसवा.

बारीक पाइप किती खातो

पाइपाचा हिशोब एकदा समजून घेतला की पुढच्या चुका टळतात. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे ढोबळमानाने अर्धा इंची, पाइपातून मिनिटाला दहा लिटर पाणी न्यायचं तर दर मीटरला सुमारे नऊ सेंटिमीटर उंची घर्षणात जाते. टाकीपासून खोली पंधरा मीटर लांब असेल तर सव्वा मीटरपेक्षा जास्त उंची नुसत्या वाटेत संपते. प्रत्येक एल्बो अर्ध्या मीटर पाइपाएवढा दाब खातो, ते वेगळंच. आपल्याकडे एकूण उंचीच पावणेदोन मीटर असेल तर शॉवरला उरलं काय? आणि त्याच पाइपावर दुसऱ्या खोलीतलाही शॉवर चालू झाला, तर दुप्पट पाण्यासाठी घर्षण जवळपास साडेतीनपट होतं. दोघांनाही पुरेसं पाणी मिळणं शक्यच नसतं.

तोच पाइप आतून २० मिलिमीटरचा घेतला तर दर मीटरला दोन सेंटिमीटर जातात, २५ मिलिमीटरचा घेतला तर एक सेंटिमीटरही जात नाही. व्यास थोडा वाढवला की नुकसान इतक्या झपाट्याने घटतं. प्लास्टिक पाइप विकत घेताना एवढंच लक्षात ठेवा की पाइपावर लिहिलेल्या मापापेक्षा आतलं भोक पुष्कळदा लहान असतं, जाड भिंतीच्या सीपीव्हीसीत तर नक्कीच. दुकानात पाइपाच्या टोकात पट्टी घालून बघायला लाजू नका.

तेव्हा काम असं करून घ्या. टाकीतून बाहेर पडणारा निप्पल सवा इंची करा, कारण अर्ध्या इंची निप्पलपुढे कितीही जाड पाइप जोडला तरी पहिल्या वितीतच गळा आवळलेला असतो. तिथून मुख्य पाइप एक इंची किंवा सवा इंची, प्रत्येक न्हाणीसाठी त्यावरून पाऊण इंची फाटा, आणि अर्धा इंची फक्त शेवटच्या हातभर अंतरात, नळापाशी. काटकोनी एल्बोऐवजी शक्य तिथे लांब वळणाचे बेंड घाला. जुना जस्ती लोखंडी पाइप असेल तर तो आतून गंजून किती उरलाय हे एक तुकडा कापून बघा. अशा पाइपाला साफ करण्यात वेळ घालवू नका, बदला.

पाइप टाकीतून निघून वर चढतो, कठड्यावरून वळसा घेतो आणि मग खाली उतरतो, अशी रचना मी पुष्कळ ठिकाणी बघितली आहे. त्या उंचवट्यात हवा अडकते. टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली की नंतर पाणी भरलं तरी नळाला गुरगुर आवाज येतो आणि धार तुटक पडते. पाइप टाकीपासून नळापर्यंत सतत उतरता ठेवा. ते जमत नसेल तर उंचवट्यावर एक टी बसवून उभी नळी काढा, तिचं उघडं टोक टाकीच्या काठापेक्षा वर न्या आणि तोंडाला जाळी बांधा. तातडीचा उपाय म्हणून खालच्या नळाला होजपाइप जोडून मोटरचं पाणी उलटं वर ढकललं की हवा निघून जाते.

टाकी उचलायची असेल तर

न्हाणीच्या स्लॅबवरची टाकी दोन-अडीच मीटर उचलली तर दाब दुप्पट-तिप्पट होतो आणि त्याला वीज लागत नाही. विहिरीवरच्या मोटरला तेवढी जादा उंची फारशी जड जात नाही. पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते जुन्या चार इंची स्लॅबच्या मधोमध चार विटांवर ठेवू नका. वेगळे पाय जमिनीतून उचला, चिऱ्याच्या जोत्यावर काँक्रीटचे खांब घ्या. लोखंडी अँगलचं स्टँड स्वस्त पडतं, पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर नुसत्या रंगावर ते फार वर्षं टिकत नाही. करायचंच तर वेल्डिंग झाल्यावर संपूर्ण सांगाडा गरम जस्तात बुडवून घ्या.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्यालगत गेलं. रिकामी प्लास्टिकची टाकी अशा वाऱ्यात उडते, भरलेली सहसा जागा सोडत नाही. वादळाचा इशारा आला की सगळ्या टाक्या भरून ठेवा आणि टाकीला चारही बाजूंनी पट्ट्यांनी बांधून ठेवायची सोय स्टँड करतानाच करा. वीज गेल्यावर तेच पाणी पुढचे काही दिवस उपयोगी पडतं.

पंप लावण्यापूर्वी विहीर बघा

आता पंपाच्या त्या दुसऱ्या खर्चाबद्दल. शॉवरला मिनिटाला दहा लिटर येतात तेव्हा आठ मिनिटांच्या अंघोळीला ऐंशी लिटर लागतात. पंप लावून तेच अठरा लिटर केले तर त्याच आठ मिनिटांत १४४ लिटर जातात. बादलीने अंघोळ करणाऱ्याला पंचवीस-तीस लिटर पुरतात. लॉजसाठी दर खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरावं असा राष्ट्रीय इमारत संहितेचा आकडा आहे. आठ खाटांना ते १४४० लिटर होतात. जोराचे शॉवर लावले की हा आकडा मागे पडायला वेळ लागत नाही.

कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या देवबागच्या वाळूच्या पट्टीवर, आणि थोड्याफार फरकाने सगळ्याच पुळणीवर, गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं. विहिरीतली पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर असू शकतो. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला, युरोपच्या किनाऱ्यावर काम करताना स्वतंत्रपणे मांडलेलं हे गणित आहे. त्याची उलटी बाजूही तितकीच खरी: पातळी कायमची दहा सेंटिमीटर खाली गेली तर खालचं खारं पाणी चार मीटर वर सरकू शकतं. मोठी मोटर लावून तासाभरात विहीर तळाला नेली की त्या जागी खारं पाणी सुळक्यासारखं वर येतं. ते पुन्हा खाली जायला पावसाळे जावे लागतात, आणि त्याचा त्रास शेजारच्या माडांनाही होतो.

म्हणून विहिरीवर लहान मोटर ठेवा आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं पाणी काढा. पातळी एका खुणेच्या खाली गेली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच लावा. जमिनीवरच्या मोटरने सहा-सात मीटरपेक्षा खोलवरून पाणी ओढायचा हट्ट धरू नका. फूट व्हॉल्व्हची जाळी तळाच्या रेतीपासून वर टांगा. क्षाराचं प्रमाण दाखवणारा साधा टीडीएस मीटर घ्या आणि मार्च ते मे दर आठवड्याला आकडा वहीत लिहा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. आकडा आठवड्यागणिक चढायला लागला तर पाहुण्यांच्या शॉवरचा विचार सोडून उपसा कमी करा.

आणि जून ते सप्टेंबरमध्ये छपरावरून जे वाहून जातं ते विहिरीकडे वळवा. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर कौलावरून, गळती आणि शिंतोडे वजा जाताही, दोन लाख लिटरपेक्षा जास्त पाणी मिळतं. पन्हळीतून आलेलं हे पाणी रेती-खडीच्या गाळणीतून विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यात सोडलं तर ते गोड्या थराला भर घालतं.

एवढं सगळं करूनही वरच्या मजल्याला दाब पुरत नसेल, तर पंप जरूर लावा. पण लहान, एक-दीड बार दाब देणारा, आणि टाकीच्या खाली, म्हणजे पाणी स्वतःहून त्याच्यापर्यंत पोचेल असा. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या नळाला थेट पंप लावू नका. ते नियमाविरुद्ध आहे, शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढलं जातं, आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचं घाण पाणी पाइपात शोषलं जातं. पंपाला वळसा घालणारा एक पाइप चेक व्हॉल्व्हसह काढून ठेवा. पावसाळ्यात वीज गेली की उंचीच्या दाबावर निदान बादली तरी भरते. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांत काटकसर नको, कारण इथे ओल्या जमिनीवर अनवाणी माणूस उभा असतो.

सोलर हीटर असलेल्यांनी जास्तच जपावं. काचेच्या नळ्यांचे घरगुती सोलर हीटर बहुधा दाब न सोसणारे असतात, त्यांच्या टाकीला उघडी हवानळी असते. थंड पाण्याला पंप आणि गरम पाणी नुसतं उंचीवर, अशी जोडणी केली की मिक्सरमधून थंड पाणी गरमच्या पाइपात घुसतं आणि थेट छपरावरच्या हवानळीतून सांडत राहतं. गरमच्या फाट्यावर चेक व्हॉल्व्ह बसवल्याने सांडणं थांबेल, पण गरम पाण्याचा जोर वाढणार नाही. अशा घरात थंड आणि गरम दोन्ही टाक्या उचलणं हाच सरळ मार्ग आहे.

गॅस गिझर कमी दाबाला पेटत नाही, कारण पाण्याच्या दाबानेच त्याचा गॅस उघडतो. तो जबरदस्तीने पेटता ठेवण्यासाठी त्यात फेरफार करू देऊ नका. आणि तो बंद न्हाणीत कधीच बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत बसवा.

अंगणात उभी राहिलेली गाडी

राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यावर झोपायची, स्वयंपाकाची आणि न्हाणीची सोय असलेल्या गाड्या आपल्या रस्त्यांवरही दिसायला लागल्या. रात्री त्या एखाद्या घराच्या खळ्यात उभ्या राहतात आणि पाणी मागतात. या गाडीत टाकी पायाखाली असते, त्यामुळे उंचीचा दाब शून्य. सगळा जोर बारा व्होल्टच्या लहान डायफ्राम पंपाचा. तिथे जोर कमी झाला तर आधी बॅटरीचं व्होल्टेज पंप चालू असताना थेट पंपाच्या टोकांवर मोजा. सहा मीटर लांब, दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतून सात अँपिअर गेले तर जाता-येता मिळून जवळपास एक व्होल्ट वाटेतच जातो. चार चौरस मिलिमीटरची वायर घातली की हा तोटा निम्म्याहून कमी होतो. मग पंपाच्या आधीची जाळी उघडा, रेती तिथेच साठते. पंप चालतो, आवाज करतो, पण पाणी तुटक येतं, तर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचा एखादा सैल क्लॅम्प हवा घेतोय. टाकीची हवानळी चिखलाने किंवा कुंभारमाशीच्या घरट्याने बुजली असेल तरी हेच होतं, आणि टाकी आत दबल्यासारखी दिसते.

अशा गाडीला आपल्या नळाला थेट जोडू देऊ नका. घरच्या नळात दशांश-दोन दशांश बारच दाब असतो, त्याने गाडीतला शॉवर चालणार नाही आणि दोष तुमच्या पाण्याला येईल. पिण्याच्या पाण्यासाठीच्या होजने गाडीची टाकी भरून द्या आणि आतलं काम गाडीच्या पंपाला करू द्या. तुमच्याकडे प्रेशर पंप असेल आणि थेट जोडायचंच असेल, तर मध्ये दाब-नियंत्रक हवा, नाहीतर गाडीतले प्लास्टिकचे सांधे गळतात. पाणी देण्याआधी टीडीएसचा आकडा त्यांना सांगा, म्हणजे ते पाणी चहाला वापरायचं की फक्त अंघोळीला हे त्यांना ठरवता येईल.

जूनमध्ये पाहुणे यायचे थांबले की टाकी धुवून घ्या, जाळ्या काढून कोरड्या ठेवा आणि रिकाम्या खोल्यांचे व्हॉल्व्ह एकदा पूर्ण बंद, पूर्ण उघडे करून बघा, म्हणजे ते जागच्या जागी गंजून बसणार नाहीत. गणपतीला चाकरमानी येण्याच्या दोन दिवस आधी खिडकी उघडून प्रत्येक शॉवर काही मिनिटं सोडा, पाइपात महिनोन्महिने साचलेलं पाणी वाहून जाऊ द्या, आणि मगच जाळ्या पुन्हा बसवा.